गावदेवीच्या पायरीवर

रविवार, १८ जानेवारी. सकाळी देऊळ झाडलं. दहा वाजता उमेदवार येऊन गेला, दुपारी रस्त्याच्या भांडणातले दोघे आले. गोदामात आज ड्युटी नव्हती.

बाबा, तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली. आपलं पूर्णा गाव आता तुम्हाला ओळखू येणार नाही, आपल्या शेतांवर गोदामं उभी आहेत. देवळाची किल्ली मात्र माझ्याकडेच आहे. बांधाचा तंटा अजून तुमच्याच पद्धतीने सुटतो. दोघांनी पायरीवर बसायचं, एकाच नारळाला हात लावून खरं बोलायचं, मग तो फोडून दोघांनी खायचा.

तुम्ही असतानाच मध्ये काही वर्षं हे बंद पडलं होतं. ग्रामपंचायतीच्या त्या निवडणुकीत भजन संपल्यावर तुम्ही देवळाच्या माइकवरून सांगितलंत, की देवळाला नवे पत्रे देणाऱ्यालाच मत द्या. तो सरपंच झाला, पत्रे आले, आणि तो तुम्हाला विचारल्याशिवाय पाऊल टाकेना. मला तेव्हा अभिमान वाटला होता. मग शेजारच्या काकांच्या बांधाचा तंटा निघाला. तुम्ही नारळ घेऊन पायरीवर बसला आहात, मी मागे उभा आहे, आणि काका लांबूनच विचारतात, "तुझी देवी कोनच्या पक्षाची हाय, ते आधी सांग." तिथूनच ते पोलीस चौकीत गेले. सरपंच तुमचं ऐकत होता, पण गाव ऐकेनासं झालं. तुम्ही काकांच्या घरी जाऊन चूक कबूल केलीत. त्यांनी चहा दिला, पण देवळात चार वर्षं आले नाहीत. मी काकांना नावं ठेवली तर मलाच ओरडलात, "त्याचा काय चुकला? तुला परचार करायचा त कर. पन किल्ली घरी खुंटीला ठेवून जा."

आजच्या उमेदवाराला देवीसमोर नारळ फोडून भाषण करायचं होतं. मी म्हणालो, नारळ फोडा, पण गळ्यातलं पक्षाचं उपरणं काढून, रांगेतून या. भाषण नाक्यावर करा. त्याची माणसं चिडली. "दादा, तुम्ही समोरच्या पार्टीत गेलात काय?" मी दारातच उभा राहिलो. शेवटी उमेदवारानेच उपरणं घडी करून खिशात घातलं.

दुपारी काकांचा मुलगा आला, तो याच उमेदवाराचा कार्यकर्ता. गोदामाच्या रस्त्यावरून ज्याच्याशी त्याचं भांडण आहे तो चुलतभाऊ विरोधी पक्षातला. बसता बसता चुलतभाऊ मला म्हणाला, "सकाली इथं भाषन झाला असता त मी कोर्टातच जानार होतो." दोघांनी नारळ धरला. रस्ता बारा फूट ठरला. खोबरं खाताना दोघं एकमेकांच्या उमेदवाराची टिंगल करत होते. मला बरं वाटलं.

एक गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. सकाळी ज्याला दारात अडवलं, माझं मत त्यालाच आहे. शाळेच्या रस्त्यावर उभे राहणारे ट्रेलर त्याने हलवले. माणूस चांगला आहे. हे तुम्हालाच सांगतो, म्हणून हा कागद वहीतच राहू दे.

नळाला पाणी आलंय. पिंप भरून घेतो.