कोळसेवाल्याची मोटार

१३ फेब्रुवारी १९४४, रोहिणखेड

"नेशील कशात? दमणीत?" लक्ष्मीकांत हे म्हणाला, आणि त्या घडीला माझं सगळं फिरलं.

अमरावतीच्या होस्टेलची खाणावळ. समोर लक्ष्मीकांत, माझ्या खोलीत राहणारा, शैलजाचा सख्खा भाऊ. मी मूर्खासारखा बोलून गेलो होतो की बी. ए. झालो की तुझ्या बहिणीला मागणी घालीन. दिवाळीत खामगावला यांच्याच घरी राहिलो होतो. चहाची कपबशी ठेवता ठेवता ती म्हणाली होती, "तुमच्या रोहिणखेडची मशीद फार जुनी आहे म्हणे. दाखवाल?" मी म्हटलं, दाखवीन. एवढंच! पण मला एवढंच पुष्कळ झालं. आणि हा म्हणतो, नेशील कशात!

सगळी पंगत हसली. मागून कोणी माझ्या बोलीची नक्कल करत ओरडलं, "मले बी ने, तुले बी ने!"

आहे आमच्या घरी दमणी. बैलगाडीवर छप्पर घालून बायामाणसं माहेरी नेतात, तीत लाजायचं काय? पण ज्या तोंडानं तो ते बोलला ते तोंड मी फोडलं. पोळीचा तुकडा त्याच्या हातातच राहिला.

होस्टेलचे साहेब माफी माग म्हणाले. नाही मागितली. ट्रंक उचलली आणि घरी आलो. कॉलेज गेलं खड्ड्यात!

आज गोठ्यातली मोटार उघडली. नेईन तर मोटारीतच नेईन.

१४ फेब्रुवारी

बाबांनी ही शेवरलेट कापसाच्या तेजीत घेतली. मी पाळण्यात होतो तेव्हा. स्वतः चालवायचे म्हणे, फेटा बांधून! मग कापूस पडला आणि मोटार कडब्याखाली गेली ती गेलीच. वरचा कापडी टप फाटलेला, एक दार नाही, मागच्या सीटमधे कोंबडी अंड्यांवर बसलेली. हात घातला तर टोचली रांडेची.

बाबा दारात उभे. "कॉलेज मोडलं, आता कोंबडीचं घर मोडतं का बे?"

पाना फिरवत राहिलो. पान्याला जंग चढला आहे, माझ्या जिभेला नाही. उद्या देईन उत्तर.

२० फेब्रुवारी

पेट्रोल नाही. लढाईनं सगळं पेट्रोल पिऊन टाकलं. कुपनावर मिळतं ते डॉक्टराला, तहसीलदाराला. मला कोण देतो!

म्हणून कोळसा. छापील पत्रक आणलं आहे. मोठ्या पिंपात कोळसा पेटवायचा, झाकण घट्ट लावायचं, आणि त्याचा वायू नळ्यांतून गार करून, गाळून इंजिनाला पाजायचा. पेट्रोल फक्त सुरू करण्यापुरतं, चमचाभर. मागची सीट कापून पिंप तिथं बसवणार. खामगावला सरकीच्या तेलाच्या मिलमधून रिकामा पिंप आणला. नळ्या जुन्या जिनिंग कारखान्याच्या भंगारातल्या.

तिच्या गल्लीतून मुद्दाम आलो. दिसली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मात्र ऐकलं, मास्तरांच्या मुलीला, म्हणजे तिलाच, पाहायला चैत्रात अकोल्याची मंडळी येणार.

चैत्रात! म्हणजे पाडव्याच्या आत मोटार चालली पाहिजे.

२१ फेब्रुवारी

बाबांचं डोकं फिरलं आहे! जेवताना म्हणतात, "चाकं रबराची हायेत. इंजन काढून फेकतो अन् दोन बैल जुंपतो. अशी दमणी जिल्ह्यात कोनाची नसंन."

दमणी!! माझ्या मोटारीची दमणी!

ताट सरकवलं. म्हणालो, "हात लावून पाहा."

"तुही हाय का बे मोटार?"

"माहीच हाय!"

"बरं. पाडव्यापर्यंत चालली तं तुही. नाई चालली तं माह्या बैलायची."

माय मधे पडली. "मोटार चालंन का नाई ते जाऊ द्या. ते मास्तराची पोरगी आपल्या चुलीपुढं बसंन का? अन् ते बसली तं आपले लोक बसू देतीन का?"

तिला कोणी सांगितलं? मी झोपेत बोलतो काय!

२ मार्च

रेडिएटर मलकापूरला मोडून पडलेल्या बसचा. कॉइल बुलढाण्याच्या डॉक्टराच्या जुन्या गाडीतली. पुढचे दिवे एक मोठा, एक लहान, त्यानं मोटार काणी दिसते. दार मिळालं ते लाल. मोटार हिरवी! आणि ते लाल दार लागत नाही. आपटलं, ठोकलं, लाथ मारली. बिजागरी आमची, दार परक्याचं. शेवटी सुतळीनं बांधलं.

आमचा सालदार कडूबा पाहत होता. "हिंमतभाऊ, सासरी आलेलं दार हाय थे. रुळाले टाइम लागते."

त्याच्या अंगावर हातोडी फेकणार होतो. पण हसू आलं. दिवसातून पहिलंच.

१० मार्च

धुळवड. गावाची तोंडं लाल-हिरवी, माझं रोजच्यासारखं काळं. आज पिंप पेटवला. सांधे सगळे गळतात, चिखल लिंपला तर तडकतो. तासभर वारा घातला आणि फट्! करून झाकण उडालं. गोठ्यातल्या गाई दावी तोडून पळाल्या. एक गाभण होती.

बाबा काठी घेऊन आले. "गाय पडली असती तं? जाय, तोंड काळं कर इथून!"

माय म्हणाली, "केलंच हाय त्यानं. आखीन किती करंन!"

मला नाही हसू आलं. बाबांनाही नाही.

११ मार्च

गाय बरी आहे. मोटार नाही.

१९ मार्च

झाली सुरू!! काल संध्याकाळी. चमचाभर पेट्रोल, हँडल मारून मारून खांदा निखळला, आणि मग खोकली, पुन्हा खोकली, आणि धडधडायला लागली. मी कोळशाची कळ फिरवली. वाटलं बंद पडणार. नाही पडली! आवाज बदलला फक्त. जाडा झाला, बाबांसारखा.

बंद गोठ्यात बसून ऐकत राहिलो तर डोकं भणाणलं, बाहेर येऊन ओकलो. विषारी असतो म्हणे तो वायू. दार उघडं ठेवत जाईन.

एक अडचण. वायू गाळायच्या डब्यात काथ्या भरा असं पत्रकात आहे. नारळाचा काथ्या इथं कोण ठेवतो? वऱ्हाडात राहून काथ्या शोधू! कापूस भरला, गच्च. स्वच्छ गाळतो. पत्रक लिहिणाऱ्यानं कपाशी पाहिली नसेल कधी.

२३ मार्च

उद्या जातो. तिला सांगायचं काय ते ठरवलं नाही. मोटार पाहील, समजेल.

२५ मार्च

पाडवा. दारात गुढी उभी आहे. मोटार मोताळ्याच्या अलीकडे रस्त्यात उभी आहे. मी पहाटे पायी घरी आलो. लिहितो, नाहीतर काहीतरी फोडीन.

काल नांदुऱ्यापर्यंत मोटार राणीसारखी चालली. लोक शेतातून पळत रस्त्यावर आले. नांदुरा ओलांडलं आणि कापसाच्या डब्यातून धूर. पिंपातून ठिणगी आली असणार. पाहतो तर डबा लालभडक! कापूस, आणि ठिणगी! कोणत्या गाढवानं भरला? मीच तो गाढव. कापसानं ही मोटार आणली आणि कापसानंच जाळत होती. वाळू टाकून विझवली. उजवा हात भाजला, भुवया गेल्या. डबा काढून फेकला, नळी सरळ इंजिनाला जोडली आणि पुढं निघालो. गाळणी नाही म्हणजे काजळी इंजिनात, काजळी अंगावर, डोळ्यांत, दातांत.

तिच्या दारात भोंगा वाजवला. मास्तर शाळेत, लक्ष्मीकांत अमरावतीला. दार तिनंच उघडलं.

आधी ओळखलं नाही. मग तोंडावर पदर धरला. घाबरली की हसली, कळलं नाही.

"हे काय हो?"

"मोटार," मी म्हटलं.

"ते दिसतंय. कशाला?"

"तुमचा भाऊ म्हणाला होता, नेशील कशात. म्हणून."

ती आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली. "आधी तोंड धुवा."

मी नाही धुतलं. कशाला धुऊ? तोंड दाखवायला आलो होतो काय!

मग ती बोलली, हळू, पण शब्द शब्द सुटा. "दादा काय म्हणाला ते तुम्ही ऐकलंत. मी काय म्हणत होते ते कोणी सांगितलं का तुम्हाला? संक्रांतीपासून आईच्या मागं लागले होते मी. जात वेगळी आहे, पण बी. ए. होताहेत, पुढं वकील होतील. एवढं एकच होतं माझ्याजवळ सांगायला. तेच तुम्ही सोडून आलात. आता मी काय सांगू आईला? मोटार आहे म्हणून?"

माझं डोकं फिरलं. ओरडलो, "म्हंजे तुले बी. ए. पाहिजे! मी नको!"

तुले! तिच्या दारात, तिला!

ती म्हणाली, "हो, पाहिजे होतं. तुमच्यासाठीच."

आतून आईचा आवाज आला. "कोण आहे गं शैला?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत.

"कोणी नाही, आई. कोळसेवाला."

कोळसेवाला!!

'येतो' सुद्धा म्हटलं नाही. लाल दाराची सुतळी बांधत बसलो नाही, तसंच उघडं फडफडत मोटार पळवली. मोताळ्याच्या अलीकडे चढावर इंजिन घरघरलं आणि बसलं. काजळीनं गच्च. बरं झालं. मरू दे!

२६ मार्च

काल दुपारी गुढी तशीच ठेवून बाबा बैलजोडी घेऊन गेले. मला बोलावलं नाही, मीच मागं गेलो. मोटारीला जू बांधलं. अख्ख्या गावातून बैलांनी ओढत आणली मोटार. लोक ओट्यावर येऊन पाहत होते. लाल दार दर खड्ड्याला आपटत होतं.

कडूबा म्हणाला, "मालक, झाली नं दमनी!"

मी मूठ वळली. पण बाबाच बोलले, "चूप बस बे. चालत गेलती थे. वापस आली नाई, एवढंच."

इंजिन काढायचं आज कोणी बोललं नाही.

२ एप्रिल

कोळसेवाला.

९ एप्रिल

इंजिन खोललं. करायला दुसरं काही नाही. पिस्टनवर अर्धं बोट काजळी. रॉकेलनं धुतो, घासतो, पुन्हा धुतो. बाबा येऊन बसतात, पाहतात. आज म्हणाले, "थे रिंग उलटी बसवून राह्यला तू." पाहिलं तर खरंच उलटी. यांना अजून आठवतं!

"तुम्हीच करा मग!" म्हटलं. उठून गेले. मी असा का आहे?

१७ एप्रिल

नांदुऱ्याच्या वाण्याकडे जुन्या पायपुसण्या मिळाल्या, काथ्याच्या. उसवून डब्यात भरल्या. मोटार आता बुलढाण्याचा घाट चढून आली, न थांबता. लाल दाराची खोडही कळली. जरा वर उचलून मग ओढायचं, की टक्‌दिशी लागतं. दोन महिने नुसतं आपटत होतो!

चालते तर आता! कोणासाठी?

२२ एप्रिल

ठरलं तिचं. अकोल्याचाच. मॅट्रिक आणि सरकारी नोकरी. बी. ए. नाही!! मग माझ्यात काय वाईट होतं?

नोकरी आहे त्याला. आणि जात. माहीत आहे मला.

मोठा हातोडा घेऊन गोठ्यात गेलो. काचेवर उगारला. बाबा पिंपाला टेकून उभे होते, हललेच नाहीत. "फोड. मंग उद्या काय खोलशीन?"

हातोडा ठेवला.

६ मे

लक्ष्मीकांत आला होता. ओठावर माझ्या हाताची खूण अजून आहे. ओसरीत उभाच राहिला. मायनं पाणी दिलं ते प्याला आणि खाली पाहून बोलला. "परवा शैलाचं लग्न. खामगावात पेट्रोलचा थेंब नाही. वरातीला दमणी सांगितली तर ती बसत नाही. म्हणते, आणाल तर कोळसेवाल्याची मोटार आणा, नाहीतर मी पायी जाईन. आई विचारते, कोण हा कोळसेवाला? कोणाला ठाऊक नाही." मग मान वर केली. "मला कळलं."

मूठ वळली होती. वळलेलीच राहिली. त्या दिवशी आई बाहेर आली असती तर काय झालं असतं, हे मला आज सुचावं!

बाबा खाटेवरून म्हणाले, "माहा काही संबंध नाई. गाडी पोराची हाय. त्याले इचारा."

मी म्हटलं, "न्या."

"चालवील कोण?" लक्ष्मीकांतनं विचारलं.

"मी," बाबा म्हणाले. "पयले मीच तं चालवत होतो." माय फेटा शोधायला आत गेली.

बाबांना लाल दार दाखवलं. उचलून, मग ओढायचं. हँडल त्यांच्या हाती दिलं. मशीद दाखवायची राहिली.

कॉलेज जुलैत उघडतं. माफी मागावी लागेल. मागीन, दात खाऊन मागीन. आजच निघतो, तोवर अमरावतीत कोणाचं तरी इंजिन खोलीन. राग गेलेला नाही, बरोबर नेतो आहे.

तोंड धुतलं. साबणानं, दोनदा. कानामागचा कोळसा निघत नाही. राहू दे.

मायला 'येतो' म्हटलं. ही वही इथंच राहील. उठतो. दार ओढून घेतो.