नाही म्हणायचा हक्क

१८ जानेवारी, शनिवार

"इथं यायला कुणाला विचारावं नाय लागत, बाई. कुत्रं पण येतं."

शुक्रीचं वाक्य. किती वर्षं झाली! मी तेव्हा नुकतीच डहाणूच्या चर्चची पाळक म्हणून आले होते. कासाच्या पुढे तिच्या पाड्यावर पहिल्यांदाच गेले, आणि अंगणाच्या कडेला उभी राहून 'येऊ का?' म्हणाले. ती तांदूळ पाखडत होती. मान वर न करताच बोलली. मग सूप बाजूला ठेवून मला जागा करून दिली.

आज का आठवलं कोण जाणे. आजपासून सगळ्या चर्चचा मिळून ऐक्य सप्ताह. पहिली प्रार्थना तलासरीला, फादर इनास यांच्या कॅथलिक चर्चमध्ये. तिथे ते, मी, आणि नविन. नविन त्याच पाड्यावरचा, शुक्रीचा भाचा. तो प्रभूचा, ती गावदेवाची. शेड टाकून रविवारी दहा-बारा घरांची उपासना घेतो. प्रार्थना एकत्र झाली. चहाचे थर्मास मात्र तीन आले, ज्याच्या त्याच्या घरून. फादर म्हणाले, "रेव्हरंड मॅडम, ऐक्य हळूहळू येतं. आधी साखरेवर एकमत होऊ द्या."

२२ जानेवारी, बुधवार

पाड्यावर. दगडाच्या क्वारीवाल्यांना पाड्यामागच्या डोंगराचा उरलेला भागही हवा आहे. सुरुंग लागला की शुक्रीच्या कुडाचं सारवण गळून पडतं, ती पुन्हा लिंपते. बोरिंगला गढूळ पाणी. वर गावदेवाची जागा आहे, तिथपर्यंत आता डंपरचा रस्ता गेलाय.

आम्ही तिघांनी पुन्हा तेच सांगितलं, जे वर्षभर सांगतोय. डोंगर द्यायचा की नाही हे ग्रामसभेनं ठरवायचं. नाही म्हणायचा हक्क तुमचा आहे.

शुक्री : "आणि तुम्हालाच नाय म्हटलं तर?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त फादर. "मग आम्ही घरी जाऊ, शुक्रीबाई!"

२६ जानेवारी, रविवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

झेंडावंदन झालं की ग्रामसभा. पण आज रविवार! आमची तिघांचीही उपासना. ती आटोपून जो तो तसाच निघाला. फादर पांढऱ्या झग्यात मोटरसायकलवर, मी गळ्याच्या पांढऱ्या पट्टीसकट, नविन बायबल काखेत मारून. शाळेपाशी एकमेकांना बघून हसलो. फॅन्सी ड्रेस, म्हणाले फादर. कपडे बदलून यावं असं एकालाही सुचलं नाही.

पाण्याचं सांगायला नविन उभा राहिला, गावातला म्हणून. सरपंचांनी माईक दिला. रविवार, हातात माईक, समोर बसलेली माणसं — त्याचे डोळे आपोआप मिटले.

"आपण डोकी लववू या. हे प्रभू, या सभेला —"

आणि आमची डोकी लवली! माझं, फादरांचं. सवय. म्हणून कोण कोण उठून गेलं ते मला दिसलंच नाही. नुसता चटयांचा आवाज येत होता. डोळे उघडले तेव्हा निम्मी सभा रिकामी. क्वारीचा धर्मेश भिंतीला टेकून मोबाईलवर शूटिंग करत होता.

कोरम नाही. सभा तहकूब.

शुक्री जागची हलली नव्हती. आमच्याकडे बघतही नव्हती.

२७ जानेवारी, सोमवार

व्हिडिओ सगळीकडे गेलाय. वर लिहिलंय, 'डोंगर वाचवायला नाही, देव बदलायला आलेत.' सकाळी मासळीवाली पुतळी बोंबील घेऊन दारात आली. "बाई, मोबाईलात दिसलात तुम्ही. डोकं खाली. झोप लागलेली काय?"

हसले. अर्धा किलो घेतले. नीट करायला बसले आणि तशीच बसून राहिले.

२९ जानेवारी, बुधवार

तलासरीला बैठक. फादरांचं म्हणणं, तिन्ही चर्चचं मिळून निवेदन काढू, आमचा धर्मांतराशी संबंध नाही म्हणून. मी म्हटलं, नविननं शेडमध्ये ज्यांना बाप्तिस्मा दिला त्यांना काय सांगायचं? फादर चष्मा पुसत राहिले.

नविननं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "तुम्ही गाडीनं आलात, गाडीनं गेलात. मी तिथं राहतो, ताई. काल बोरिंगवर मला बघून बाया हंडे उचलून गेल्या. रिकामेच."

निवेदन निघालं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

शुक्री आली. माझ्या घरी, पहिल्यांदाच! एसटीनं, फडक्यात कोनफळं बांधून. खुर्ची दिली तर जमिनीवर बसली. घर डोळ्यांनी फिरून बघितलं.

"एकटीला एवढं?"

"चर्चचं आहे."

"तरी." मग म्हणाली, "शुक्रवारी परत सभा. तू येऊ नको. फादरबाबाला पण सांग."

"मागे बसू. बोलणार नाही."

"तू मागं बसलीस की लोक मागंच बघत बसतील."

"आणि नविन?"

"त्याला मी बघते. माझ्या भावाचा पोर आहे तो."

निघताना समुद्र बघायचा म्हणाली. किनाऱ्यावर नेलं. ओंजळभर पाणी चाखून थुंकली. "एवढं असून काय उपयोग," म्हणाली, आणि लुगडं वर खोचून कितीतरी वेळ त्यातच उभी राहिली. मी चपला हातात धरून वाळूत.

२ फेब्रुवारी, रविवार

प्रवचन चांगलं झालं म्हणतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

फादर आणि मी चारोटीच्या हॉटेलात. पाड्यापासून लांब, पण बोलावलं तर पोचता येईल इतकं जवळ. फादर निळ्या शर्टात. "पोस्टमास्तर दिसता," मी म्हटलं. "वसईत माझी आई पण हेच म्हणाली असती," म्हणाले. "झगा घातल्यापासून तिनं मला शर्टात बघितलंच नाही."

मधे मोबाईल ठेवला होता. चहा झाला, पुन्हा चहा झाला. हॉटेलवाला आता काहीतरी खायला मागवा अशा नजरेनं बघायला लागला.

दुपार कलताना नविनचा फोन.

"पास झालं, ताई. डोंगर द्यायचा नाय. सगळे हात वर. जे उठून गेलेले ना, त्यांचे पण."

फादर उभेच राहिले. भजी मागवली, शेजारच्या टेबलावरच्या ड्रायव्हरांनाही दिली. 

नविनच्या आवाजात आनंद नव्हता. लक्षात आलं होतं. विचारलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

नविन आला. चहा नको म्हणाला. ठराव एक, पण गोष्टी दोन. पहिली, डोंगर क्वारीला द्यायचा नाही. दुसरी, पाड्यात चर्चची सभा भरवायची नाही, आणि चर्चच्या माणसांनी ग्रामसभेच्या परवानगीशिवाय पाड्यात पाय ठेवायचा नाही. हे घातलं तरच बसतो, असं उठून गेलेले म्हणाले होते. मग ते घातलं.

"मांडलं कुणी?"

"फुईनं."

फुई म्हणजे आत्या. शुक्रीच.

"आधी तिनं मला घरी बोलावून सांगितलं. म्हणाली, शेड काय, परत टाकता येते. डोंगर नाय टाकता येत."

"आणि तू?"

"हात वर केला. दोन्हीला मिळून एकच हात होता ना, ताई." खिसा चाचपला. "उद्या रविवार. शेडची चावी खिशातच आहे. काय करू तिचं?"



फादरांना फोन केला. चिडले. "हे घटनेविरुद्ध आहे. कोर्टात एक दिवस टिकणार नाही." खरं असेल. पण ठरावाला हात लावला की सगळा ठराव उघडा पडतो, आणि धर्मेश तेवढ्याचीच वाट बघतोय. हे मी बोलले.  फादर म्हणाले, "घरी जाऊ, म्हणालो होतो ना मी. हसून."

९ फेब्रुवारी, रविवार

नविन डहाणूला उपासनेला आला. बायको-मुलांना घेऊन, शेवटच्या बाकावर. गाणी त्याला येत नव्हती, आमच्या चाली वेगळ्या. तरी ओठ हलवत होता.

कोनफळं अजून तशीच टोपलीत आहेत.

१० फेब्रुवारी, सोमवार

ग्रामसभेला अर्ज लिहिला. नावाआधी रेव्हरंड लिहिलं, लपवलं नाही. शेडबद्दल काही मागितलं नाही. ते मागायचं असेल तर नविन मागेल. शुक्री समोरच बसलेली असेल. नाही म्हणायला पहिला हात तिचाच वर जाईल, आणि तो खाली घे असं मी तिला कधीच सांगणार नाही. तरी लिहिलं —

शुक्रीच्या अंगणात येऊन बसायची मला परवानगी मिळावी, ही विनंती.