कोरे हातमोजे

मनोरी, रविवार संध्याकाळ

वाट लागली! आमच्या चार डिफेंडरनी आजही बॉल गोलपर्यंत येऊच दिला नाही. सीझनभर हेच. मी गोलकीपर, आणि माझे हातमोजे कोरेच. लाज वाटली म्हणून घरी येताना मीच हातमोज्यांना माती चोळली. का केलं मी असं?

पप्पा गावाच्या जुन्या नावाजलेल्या टीमचे डिफेंडर. गुडघ्यांमुळे त्यांना मैदानावर येता येत नाही, तरी "हे चौघे डिफेंडर तुमच्या तोडीचे का?" असं सगळे त्यांनाच विचारतात. आज दारातच त्यांनी माझे हातमोजे हातात घेतले, उलटसुलट करून बघितले.

"नाही रे," म्हणाले, "आमच्या गोलकीपरचे कोरे असायचे."

आता तेच सांगायला ते काठी टेकत नाक्यावर गेलेत. आणि ते चौघेही तिथेच बसलेत.