विहिरीला चेहरा कुठे असतो?

प्रिय ताई, तुला वाकून नमस्कार.

माझा गुडघा बरा आहे, काळजी नको. संतापावर मात्र औषध नाही.

नातवाच्या शाळेत दुसरीच्या मुलांचं नाटक बसवतेय. त्यातली एक मुलगी वर्षभर वर्गात चकार शब्द बोललेली नाही. तिला मी विहीर केलं. पुठ्ठ्याच्या खोक्यात बसली की घडाघडा बोलते.

आज मुख्याध्यापिका तालमीला आल्या. "खोकं पुढून कापा. पालकांना चेहरा दिसायला हवा."

"विहिरीला चेहरा कुठे असतो, बाई?"

"मग विहीरच काढून टाका."

आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बऱ्या, निदान छडी दाखवून मारायच्या.

शाळा सुटल्यावर ती मुलगी माझी पिशवी धरून उभी राहिली. खोक्याबाहेर, पहिल्यांदाच, म्हणाली, "आजी, कापू नका ना."

माझं तोंड कधी बंद नसतं, तुला ठाऊक आहे. पण मी नुसती मान डोलावली. म्हणजे शब्द दिलाच.

सून म्हणते, "आई, भांडू नका. आपल्या मुलाला तिथेच शिकायचंय." तिचंही चूक नाही, त्याचीच धास्ती वाटते.

तुझे डोळ्यांचे थेंब चालू आहेत ना? खोकं मी घरी आणून ठेवलंय. उद्या दहाला नाटक आहे. खोकं रंगमंचावर जाईल, ते न कापताच.

तुझीच,
भांडकुदळ धाकटी