उंबऱ्यावरचा घास

सासूबाईंना सलाम,

हे पत्र मी टाकेन असं वाटत नाही. तुमच्या नातीच्या, आयझिरेकच्या तपासणीचे कागद घेऊन बसले आहे. लघवीत दोष, रक्तात एक अमिनो आम्ल चौपट. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिला प्रथिनं सोसत नाहीत. मांस, दूध, नान सगळं बंद आहे ना? मग हे येतं कुठून?" माझ्या तोंडून निघून गेलं, "आजी गुपचूप सुकं दही चारत असेल."

मी फोनवर विचारलं, तर तुम्ही एवढंच म्हणालात, "दिलं असेल बाई, आठवत नाही. आता तिला इकडे नारीनला, माझ्या घरी आणू नकोस."

काल तिचा कोट झटकताना नानचे तुकडे पडले. बालवाडीला निघताना रोज मीच तिला उंबऱ्यावर नानचा एक घास चावायला लावते, सुखरूप परत यावी म्हणून. तुम्हीच शिकवलंत. ते खाणं आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. एवढ्याशा घासाने आकडा चढतो का? की तुम्हीही खरंच काही दिलंत? मला काही कळेनासं झालंय.

आज घास दिला नाही. पोर दारात तोंड उघडून उभी राहिली, जागची हलेचना.

तुमची सून,
बेगिमाई