निरोगी गटातला एकशे सतरावा

प्रिय हर्षाली, म्हणजेच आमच्या डॉक्टरीणबाई,

हाताशी फोन असताना पत्र कशाला, असं विचारशील. फोनवर मी फार हुशार वाटतो, म्हणून. तीस वर्षं वर्गात संस्कृत शिकवलं की तोंड आपोआप चालतं. डोकं सोबत असो वा नसो. या पत्राला मात्र तीन दिवस लागलेत.

जूनमध्ये तू वर्षभरासाठी एडिंबराला जाणार आणि स्वराज माझ्याकडे राहणार, हे ठरलंय. त्याच्यासाठी खिडकीजवळ टेबल मांडलंय, गंगापूर रोडच्या शाळेत नाव घातलंय. स्वयंपाकाच्या विठाबाईंनी तर नातवाच्या नावाने नागलीचे पापडही करून ठेवलेत.

मेंदूतल्या केसाएवढ्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा तुझा अभ्यास, आणि त्यात तुलनेला निरोगी माणसंच मिळत नाहीत ही तुझी कायमची कुरकुर. म्हटलं, बापाने एवढं तरी करावं. डिसेंबरात तुला न सांगता तुमच्या नाशिकच्या केंद्रात जाऊन नाव दिलं. एमआरआय झाला, मग चाचण्या. तिथल्या निकिताने दहा शब्द लक्षात ठेवायला सांगितले. मी ते सुलट म्हटले, उलट म्हटले, वर 'देव' शब्द सप्तमीपासून प्रथमेपर्यंत चालवून दाखवला. पोरगी म्हणाली, "सर, एवढं नव्हतं विचारलं." मग तिने एक कागद दिला. एक, अ, दोन, आ, असे गोल रेघेने जोडत जायचे. बालवाडीचं काम! तीन आणि इ-पाशी पेन्सिल थांबली. पुढे काय येतं ते ठाऊक होतं गं. हात तिकडे वळेना. तेव्हाही मी विनोदच केला.

फेब्रुवारीत तू फोनवर म्हणालीस, नाशिकच्या निरोगी गटातल्या एकशे सतरा क्रमांकाचा एमआरआय पाहून वाईट वाटलं, अठ्ठावन्नाव्या वर्षी एवढे पांढरे डाग. तुमच्याकडे नावं येत नाहीत, नुसते क्रमांक येतात. मी "अरेरे" म्हणालो. हर्षू, तो मी.

केंद्रातल्या डॉक्टरांनी सगळं नीट समजावलंय. रक्तदाबाची गोळी सुरू आहे, मिठाची बरणी विठाबाईंच्या ताब्यात आहे. परवा मी पाण्याशिवायच कुकर चढवला, तर म्हणतात कशा, "सर, लय पोथ्या वाचल्या तुम्ही, पण डाळीला पाणी लागतं हे कुठंच लिवलं नाय का?" मीही हसलो. तुला सांगायचं टाळत राहिलो, कारण कळल्याबरोबर तू जाणं रद्द करशील. ते करायचं नाही. ही बापाची नव्हे, एकशे सतराव्याची आज्ञा समज. त्याला तुझ्या अभ्यासाची गरज आहे. पण स्वराजला निफाडच्या आजीकडे ठेव, नाहीतर सोबत ने. माझ्याकडे नको.

सोमवारी शाळेच्या वाटेची रंगीत तालीम करायला निघालो होतो. भर रस्त्यात, दुभाजकाच्या चार पावलं अलीकडे, पाय उचलेचनात. बूट डांबराला चिकटल्यासारखे. बस येताना दिसत होती, हॉर्न ऐकू येत होता, सगळं कळत होतं. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि माझा यथासांग उद्धार केला. उच्चार स्वच्छ होते. त्याला हात जोडायला गेलो, तेव्हा लक्षात आलं की डावा हात मी मघापासून जरा बाजूला, सहा वर्षांच्या पोराचं बोट धरावं तेवढ्या उंचीवर धरला होता. मूठ मिटलेली होती. तिच्यात त्या दिवशी कोणी नव्हतं.

तुझाच,
बाबा