नव्या जीपमधली दहा मिनिटे

प्रिय प्रीतम यांस,

प्रथम क्षमा मागते. ज्या माणसाशी आजवर केवळ दहा मिनिटे बोलले, आणि तीही एका गाडीविषयी, त्याला आपण होऊन पत्र लिहिणे आमच्या घरच्या रीतीत बसत नाही. तुमच्याही बसत नसेल. ‘प्रिय’ हा शब्द वापरण्याचा अधिकार मला नाही, हेही जाणते. आधी ‘माननीय’ असे लिहिले होते, परंतु ते रजेच्या अर्जासारखे दिसू लागले. तुमच्या बायोडाटावर तुमच्या काकांचा फोन नंबर होता आणि तुमचा ई-मेल पत्ता होता. फोनवर बोलण्याचे धैर्य माझ्यात नाही. लिहिताना मात्र माझा आवाज कापत नाही, म्हणून हे पत्र. कृपा करून एकट्यानेच वाचा.

गेल्या रविवारी तुम्ही मंडळी पळसदरीला आमच्या घरी मला पाहायला आलात. खरे सांगायचे तर तुमच्याआधी मी तुमची गाडी पाहिली. आत सरबताचे ग्लास पुसत होते, तोच बाहेरून कोणीतरी ओरडले, “जीप आली रं!” गेल्या आठ महिन्यांत आमच्या अंगणात ते शब्द कोणी उच्चारले नव्हते. मी खिडकीशी गेले. तुमच्या वडिलांनी ‘जयभीम’ म्हणून हात जोडले होते, आणि माझ्या बाबांनी ‘जयभीम’ म्हणता म्हणता आपला हात ठेवला तो थेट बॉनेटवर. शेजारच्या पारूमावशी आईला म्हणाल्या, “अगं मैना, तुझा नवरा जावई बघतोय का गाडी?” आईने तोंडाला पदर लावला. त्या गोंधळात तुम्ही मागेच उभे राहिलात, हातात मिठाईचा पुडा घेऊन, आणि तो कोणाकडे द्यावा हे तुम्हाला कळत नव्हते. तुमच्याविषयीची माझी पहिली आठवण ती आहे आणि ती चांगली आहे.

बाबांच्या त्या वागण्याचे कारण तुम्हाला ठाऊक नसणार. माझ्या बाबांनी, धर्माजींनी, बावीस वर्षे कर्जत स्टेशनबाहेरून सीटांची जीप चालवली; त्यांतली शेवटची चौदा वर्षे एकच जीप. कर्जत ते पळसदरी, आणि तिथून पुढे ठाकुरवाडीच्या अंगाला डोंगरात जी वाडी आहे, तिथपर्यंत. आमच्याकडे तिला नुसते ‘वरची वाडी’ म्हणतात. शेवटचे तीन मैल रस्ता असा नाहीच. पावसाळ्यात ओढा जिकडून वाट काढील तिकडून गाडीनेही काढायची. बाजार, दळण, बाळंतिणी, शाळेचे गुरुजी, सारे त्याच जीपने वर जात. गेल्या दसऱ्याच्या सुमारास आरटीओत तिचे पासिंग झाले नाही. बाबांनी दोन खेपा घातल्या, विनवण्या केल्या, आणि शेवटी ती भंगारात दिली. तेव्हापासून ते ओट्यावर बसून असतात. रागावत नाहीत, आजारी नाहीत. विचारले तर ‘बरा हाय’ म्हणतात. त्यापलीकडे बोलत नाहीत.

माझे सारे वाचन त्या जीपमध्ये झाले, हेही सांगायला हवे. सीटा भरल्याखेरीज गाडी सुटत नसे. शाळा सुटली की मी पुढच्या सीटवर पुस्तक उघडून बसायची आणि बारा माणसे जमेपर्यंत वाचायची. कधी वीस मिनिटे लागत, कधी दीड तास. लोक म्हणत, “धर्माजी, पोरीला उठव, एक सीट वाढंल.” बाबा म्हणत, “ती सीट नाय, ती शाळा हाय.” दहावीला तालुक्यात मराठी माध्यमातून पहिली आले तेव्हा पेपरवाल्याने अभ्यासाचे वेळापत्रक विचारले. माझे वेळापत्रक प्रवाशांच्या हाती होते, हे त्याला कसे सांगणार? चढ लागला की मात्र पुस्तक मिटावे लागे. मोठ्या गिअरशेजारी एक लहान दांडा होता. तो ओढला की इंजिनाचे बळ पुढच्या चाकांनाही मिळते. त्या दांड्याचे काम माझ्याकडे असे. बाबा समोरची नजर न हटवता म्हणत, “दर्शे, ओढ गं.” चारी चाके जमीन धरीत तेव्हा सीटखालून जे जाणवते ते मला नीट शब्दांत मांडता येत नाही.

म्हणून तुमच्या गाडीचे ते रूप पाहून मी गोंधळले. जुन्या जीपचा नवा अवतार निघाला आहे हे ऐकले होते, पाहिला नव्हता. तोंडवळा ओळखीचा होता. तेच गोल दिवे, त्याच उभ्या जाळ्या, तेच सपाट बॉनेट. परंतु दिव्यांभोवती पांढऱ्या उजेडाची कडी होती, ताडपत्रीच्या जागी पत्र्याचे छप्पर, मागे साखळीने लटकणाऱ्या फळीऐवजी भारदस्त दार, आणि समोरासमोरचे दोन बाक जाऊन तिथे पुढे तोंड केलेल्या आसनांची रांग. गावी वाढलेला नातेवाईक बऱ्याच वर्षांनी शहरातून परतावा आणि त्याला अरेतुरे करावे की अहोजाहो, हे कळू नये, तसे मला झाले. बाबांनी मात्र संकोच केला नाही. तुमच्या काकांनी बटण दाबून इंजिन सुरू केले तेव्हा त्यांनी बॉनेटला कान लावला आणि म्हणाले, “डोळे तेच हायत. आवाज कुठं गेला हिचा?” त्यावर पारूमावशी तुमच्याकडे पाहून म्हणाल्या, “पोरगा बी तसाच हाय, आवाजच नाय त्याला!” सगळे हसले. बाबाही हसले, आठ महिन्यांत प्रथम. दाराआडून मी ते पाहिले आणि त्याच क्षणी माझे तोंड बंद झाले.

पुढचे तुम्हाला ठाऊक आहे. घरात माणसे मावेनात, तेव्हा तुमच्या विनिताआत्या म्हणाल्या, “त्या दोघांना गाडीत बसवा, एसी लावा, काय ते दहा मिनिटं बोलू द्या.” आपण बसलो. दारे लागली आणि बाहेरचा आवाज पूर्ण थांबला. काचेला मुलांची नाके चिकटली होती, तुमचे गजाकाका हातवारे करीत त्यांना हाकलीत होते, आणि त्यातले काही ऐकू येत नव्हते. आयुष्यात मला एवढी निवांत, बंद, कोणालाही ऐकू न जाणारी जागा मिळाली नव्हती. जे सांगायचे ते तिथे सांगता आले असते. तुम्ही विचारलेत, “गाडी कशी वाटली?” आणि मी गाडीवर बोलत सुटले. आसन उंच आहे, समोरचे नीट दिसते, आरसे मोठे आहेत, पण खिडकीची कड उंच आल्यामुळे चाकाखालचा दगड दिसायचा नाही. पडद्यावर दिसतो म्हणालात, तर बाहेरचा कॅमेरा चिखलाने झाकला की काय कराल? तुम्ही शांतपणे ऐकलेत. मध्येच एसीची झडप माझ्यावरून वळवलीत, कारण मी कुडकुडत होते आणि तसे म्हणाले नव्हते. ते मी विसरणार नाही.

मग माझी नजर खाली गेली. मोठ्या गिअरशेजारी तो लहान दांडा या गाडीतही ठेवला आहे, हे पाहून मला इतके बरे वाटले! त्याच्यावरचे कारखान्यातले प्लास्टिक तसेच होते. मी विचारले, डोंगरावर नेलीत का कधी? तुम्ही हसून म्हणालात, “नाही हो. चार महिने झाले, कच्च्यावर उतरवलीच नाही. आई म्हणते, ओरखडे पडतील. हायवेला छान पळते, नाहीतर दारात उभी असते.” तुम्ही खरे तेच सांगितलेत आणि त्यात तुमचा दोष नाही. नव्या गाडीला माणूस जपतोच. त्यानंतर खाली उतरलो. तुमच्या आई माझ्या पाठीवरून हात फिरवीत आईला म्हणाल्या, “नोकरीचं काय घेऊन बसलात? खालापुरातच मिळाली तर बघू. नाहीतर एवढी शिकलेली सून घरात असली की घराला शोभा येते.” त्या मनापासून बोलल्या. तुम्ही ते ऐकलेत आणि खाली पाहिलेत. मीही खाली पाहिले.

आता जे गाडीत सांगितले नाही ते लिहिते. तुम्ही येण्याच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, माझ्या शिक्षक भरतीचा आदेश आला. गुणवत्ता यादीत वर असल्यामुळे मला शाळा निवडता आली. तुमच्या खालापूरची शाळा यादीत होती, कर्जतचीही होती. मी वरच्या वाडीची मागितली आणि मिळाली. जीप बंद झाल्यावर तिथले गुरुजी हिवाळाभर पायी चढले आणि मग बदली घेऊन गेले. तेवीस मुले आहेत. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या आयांना बाळंतपणाला बाबांनीच खाली आणले आहे. सोमवारी, १५ जूनला, मला हजर व्हायचे आहे. हा आदेश मी रविवारी संध्याकाळी घरात दाखवणार होते. दाखवला नाही.

तुम्हाला वाटेल, बाप अडवील म्हणून. नाही. बाबा मला कधीच अडवणार नाहीत, आणि माझी अडचण नेमकी तिथे आहे. ‘मला हे लग्न नको, मला वर शिकवायला जायचे आहे,’ एवढे मी उच्चारले तर ते त्याच क्षणी ‘बरं’ म्हणतील. तुमच्या गजाकाकांना फोन करून नाही कळवतील, मुलीकडून नकार गेला म्हणून समाजात जे ऐकावे लागेल ते ऐकतील, आणि ओट्यावर जाऊन बसतील. मी रोज तो डोंगर पायी चढेन आणि ते रोज मनाशी म्हणतील, जीप ठेवली असती तर पोरीला सोडली असती. आणि या आठवड्यात ते कसे आहेत ते तुम्ही पाहिलेले नाही. तुमच्या काकांनी जाता जाता म्हटले ना, “पुढच्या खेपेला सासऱ्यांनीच चालवायची हं गाडी,” ते त्यांनी शब्दशः धरले आहे. जेवताना बोलतात. सहा गिअर कसे पडत असतील हे आईला ताट-वाटीवर समजावतात. काल मला म्हणाले, “दर्शे, तुझं नशीब बघ. जीप आपल्या घरातनं गेली, पण तुझ्या घरात आली.” मी हो म्हणाले. दुसरे काय म्हणणार होते?

उद्या दुपारी तुमच्याकडची माणसे गाडी घेऊन निरोप द्यायला यायची आहेत. पसंतीचा निरोप मुलाकडून येतो, मुलीला कोणी विचारीत नाही. विचारले तरी तिने लाजून आत जावे अशी रीत आहे, आणि मी तर लाजाळू म्हणून तालुक्यात प्रसिद्ध. म्हणून हे पत्र. प्रीतम, तुम्ही मला नकार द्या. कारण कोणतेही सांगा. चष्मा आहे, सावळी आहे, तोंडातून शब्द फुटत नाही. शेवटचे तर खरेच आहे. तुमच्याकडून नकार आला तर बाबा तुमच्यावर रागावतील, चार दिवस तुम्हाला नावे ठेवतील, माझी बाजू घेतील. रागावलेले बाबा मला चालतील. मग तो आदेश मी त्यांच्या हाती देईन. आज दिला तर तो त्यांचे स्वप्न मोडणारा कागद होईल, नकारानंतर दिला तर कदाचित त्यांना आधार वाटेल. हा भित्रेपणा आहे आणि त्याचा भार मी तुमच्या खांद्यावर टाकते आहे, हे मला पुरते कळते. तुमच्या घरी तुम्हाला काय ऐकावे लागेल याची कल्पना नाही. तुम्हीही खाली पाहणाऱ्यांपैकी आहात, एवढेच पाहिले आहे. तुम्हाला जमले नाही तर दोष देणार नाही. मग माझ्याकडून दुसरा शब्द येणार नाही, आणि तुम्ही म्हणाल त्या तारखेला मी उभी राहीन. बाबा आता कर्जतला गेले आहेत. आठ महिने आईने मिनतवाऱ्या केल्या तरी डोळे तपासायला न गेलेला माणूस आज आपल्या पायांनी नवा चष्मा आणायला गेला, कारण उद्या दुपारी त्याला तुमची गाडी चालवायची आहे. एवढीच विनंती, जे काही कळवायचे ते सकाळी फोनवर कळवा. गाडी घेऊन येऊन सांगू नका.

तुमची… यापुढे कोणता शब्द लिहावा ते मला ठरवता येत नाही,
दर्शना

पळसदरी
शनिवार, ६ जून २०२६, दुपारी ३ वाजून ४२ मिनिटांनी पाठवले.